शेजारच्या आजींची प्रार्थना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा आपण ठरवले की बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, आपल्यातल्याच चौघींनी 'प्रार्थना' या विषयावर बोलायचे. माझे नाव कोणी सुचवले ते मला ठाऊक आहे. तिच्याशी मी घरी गेल्यावर बोलेन. मी सातवी शिकलेली बाई. गीतेवर, ज्ञानेश्वरीवर बोलणाऱ्या आपल्यात आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगणार? म्हणून जे लहानपणी डोळ्यांनी पाहिले तेच सांगायचे ठरवले. ते आपल्या धर्मातले नाही, ज्यू धर्मातले आहे. पण आहे आपल्या कोकणातलेच, आणि मराठी बोलणाऱ्या माणसांचे.

माझे माहेर रेवदंड्याचे. आमच्या घराला लागून एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. तिकडच्या गावांत त्यांना पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचा घाणा असे आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून हे नाव. आडनावे सगळी आपल्यासारखी, गावावरून पडलेली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. बायका लुगडे नेसणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र घालणाऱ्या. त्या घरात एक आजी होत्या. त्यांच्या ओटीवर मी अर्धे बालपण काढले. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांना ते आवडले नसते. मी त्यांना नुसते आजीच म्हणे.

या लोकांची कथा आजी अशी सांगत. फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते वाहत आली ती तिथेच पुरली. त्या जागेवर आता स्मारक आहे, मी पाहिले आहे. कोणी म्हणतात याला दोन हजार वर्षे झाली, विद्वान लोक वेगवेगळे काळ सांगतात. आपल्याला त्यात पडायचे नाही. गोष्टीतला जो भाग माझ्या मनात राहिला तो पुढचा आहे. गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथ बुडाले, सामानसुमान बुडाले. पिढ्या गेल्या, मूळची भाषाही विसरली. मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे काही नियम एवढे राहिले, आणि तोंडात एकच प्रार्थना राहिली. तिला 'शेमा' म्हणतात. देव एकच आहे, हे इस्रायला, ऐकून ठेव, अशा अर्थाची. मूल झाले, लग्न झाले, माणूस गेले, कशालाही तेवढीच. दुसरे काही येतच नव्हते. पुढे दावीद राहबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. त्याने ही प्रार्थना ऐकली, आणि हे आपलेच लोक आहेत अशी त्याची खात्री पटली, असे ते सांगतात.

लहानपणी मला ही गोष्ट ऐकताना हसू येई. एवढ्या मोठ्या देवाला एकच वाक्य! आमच्या घरी तर आई आरत्या म्हणायला लागली की भात करपायचा. मी आजींना तसे म्हटलेही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच भांडं असलं की माणूस ते रोज घासून लख्ख ठेवतो, बाय."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ सुरू होई. त्या दिवशी आजींची दुपारपासून लगबग असे. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवसांचे जेवण आधीच रांधायचे. मटण असेल तर त्यात दूधदही घालायचे नाही, नारळाचे दूध घालायचे. काळ्या मनुका भिजत घालून त्यांचे सरबत करायचे, कारण रात्री जेवणाआधी त्या सरबतावर प्रार्थना असे. घर सारवले, आंघोळ झाली, स्वच्छ लुगडे नेसले की आजी काचेच्या हंडीत पाणी घालीत, वर खोबरेल सोडीत, वात लावीत. दिवा लागला की दोन्ही हातांनी डोळे झाकून घेत आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत.

या सगळ्यात मला एक गोष्ट विशेष वाटे. दिवा लावण्याआधी त्या थोडा वेळ पाटावर नुसत्या बसून राहत. काम संपलेले असे, सूर्य अजून खाली गेलेला नसे, आणि आजी हात मांडीवर ठेवून गप्प. मी विचारले, "आजी, दमलात का?" तर म्हणाल्या, "दमले नाही ग. येतेय मी." कुठून येताय, असे मी विचारले नाही. आता या वयात कळते. आपण देवापुढे उभ्या असतो, पण आपण आलेल्या नसतो. एक पाय गॅसपाशी असतो, एक बंदरावर लिलावात.

त्या आजींची नात आता इस्रायलमध्ये असते. या भाषणाच्या निमित्ताने मी तिला चार संध्याकाळी फोन करून खूप प्रश्न विचारले, तिने धर्म शिकलेल्या माणसांना विचारून मला उत्तरे दिली. तिने सांगितले की त्यांच्या मिश्ना नावाच्या जुन्या ग्रंथात असे आहे की पूर्वीचे भाविक लोक प्रार्थनेआधी एक तास थांबत आणि मन देवाकडे वळवीत. आजींनी तो ग्रंथ कधी वाचला नव्हता. त्यांनी ते आईला बसलेले पाहिले होते, त्यांच्या आईने तिच्या आईला.

दुसरी गोष्ट बारीकसारीक धन्यवादाची. या लोकांत प्रत्येक गोष्टीला वेगळी छोटी प्रार्थना असते. भाकरी मोडताना एक, फळ खाताना दुसरी, सुगंध घेताना तिसरी, समुद्र पाहिल्यावर निराळी. दिवसाला अशा शंभर तरी व्हाव्यात असे त्यांचे शास्त्र आहे. सकाळी परसाकडून आल्यावरदेखील हात धुऊन एक प्रार्थना म्हणायची असते, की देवा, माझ्या शरीरातले सगळे मार्ग तू नीट उघडे-बंद ठेवलेस म्हणून मी उभी आहे. तुम्ही हसता आहात, मीही हसले होते. पण ज्यांच्या घरात कोणी लघवी अडून अंथरुणावर पडले आहे त्या हसणार नाहीत.

एलियाहू हन्नाबी हा त्यांचा पैगंबर. त्याच्या नावाने त्यांच्यात मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, तिथे त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडायला तिथे जातात, आणि घरीही मलिदा होतो. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, वर खजूर आणि फळे, शेजारी सब्जाची पाने किंवा गुलाब. मंत्र म्हणून संपले की आम्ही पोरे ताटाकडे टक लावून बसायचो. पण आजी आम्हाला सहज देत नसत. एकदा केळे हातात देऊन मला विचारले, "याचा धन्यवाद कुठला? झाडाच्या फळाचा की जमिनीच्या फळाचा?"

मी म्हटले, "झाडाचा."

"चुकलीस. केळीचा घड उतरला की आपण तिचं काय करतो?"

"तोडतो."

"मग ती झाड कसली? ती जमिनीची. पुन्हा उगवून यायचं तिला."

मी केळीच्या बागेत वाढलेली मुलगी, पण केळे हातात धरून मी केळीचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. प्रार्थना म्हणजे मागणे, एवढेच मला तोवर माहीत होते. ही तर आधी नीट बघायला लावणारी प्रार्थना निघाली. मासळीचेही तसेच. ज्याला खवले आणि पर आहेत तोच मासा त्यांना चालतो. कोळंबी नको, खेकडा नको, तिसऱ्या नकोत, मुशी नको. आजी टोपलीतला एकेक मासा उलटून पाहायच्या. कोळणी वैतागायच्या. आपल्या हर्णे बंदरावर असे गिऱ्हाईक आले तर काय होईल ते मी सांगायला नको!

आता दारफळणीच्या सणाचे सांगते, कारण प्रार्थनेविषयी मी जे शिकले त्यातले सर्वांत अवघड तिथले आहे. या सणाला ते योम किप्पूर म्हणतात. नव्या वर्षाच्या सणानंतर दहाव्या दिवशी येतो. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पांढरे कपडे घालायचे, दिवसभर प्रार्थनामंदिरात राहायचे. जुने लोक त्या दिवशी दारे लावून घेत, बाहेरच्या कोणाला शिवत नसत, म्हणून दारफळणी. दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी.

एका वर्षी आमच्या आईचे आणि आजींचे नारळावरून बिनसले होते. माड त्यांचा, पण वाकलेला आमच्या आवारात. नारळ आमच्या अंगणात पडले ते आईने ठेवून घेतले. आजी नको ते बोलल्या, आईने त्याहून नको ते ऐकवले. तीन महिने बोलणे बंद. दारफळणीच्या आदल्या दुपारी आजी आमच्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "मला उद्या देवापुढे उभं राहायचंय. त्याचं जे चुकलं असेल ते तो माफ करील. पण तुझं चुकलेलं तो माफ करू शकत नाही, ते तुझ्याकडेच आहे."

आई चुलीपाशी होती. तिने लगेच उत्तर दिले नाही. माझी आई फटकळ होती आणि नारळ तर तिने विकून टाकले होते. थोड्या वेळाने म्हणाली, "माझंही चुकलंच." मग दोघी माडाविषयी बोलू लागल्या, तो तोडावा की ठेवावा. रडारड झाली नाही, गळ्यात पडणे झाले नाही. पण मी तेव्हापासून पाहत आले आहे की देवाला हात जोडणे सोपे आहे, मागच्या दाराशी जाऊन उभे राहणे कठीण आहे. मला स्वतःला ते आजवर दोनदाच जमले. तिसऱ्या एका दाराशी जायचे अजून राहिले आहे. ती बाई या सभेत नाही, पण गावात आहे.

आता पोथीची गोष्ट. आजींकडे एक जुनी प्रार्थनेची पोथी होती, हिब्रू शब्द आपल्या बाळबोध अक्षरांत छापलेले आणि बाजूला मराठी अर्थ. पाने पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. या लोकांत मराठीतून धर्माची पुस्तके काढण्याची मोठी परंपरा आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर नावाचे विद्वान 1834 मध्ये जन्मले आणि 1905 मध्ये वारले. ते मुंबईत ज्यूंच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात 1874 मध्ये वल्हांडणाच्या रात्रीची पोथी शिळाप्रेसवर छापली गेली. तिच्यात हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे, आणि सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या लुगडे नेसलेल्या बायकांची चित्रे आहेत. धर्माच्या पोथीत भाकरी थापणाऱ्या बायकांचे चित्र! कोणी काढले असेल त्याचे मला कौतुक वाटते.

तर आजी ती पोथी वाचत, पण मराठी अर्थाच्या बाजूला फारशा पाहत नसत. हिब्रूच म्हणत. मी तेव्हा सातवीत, शाळेत नुकतेच शिकलेले की पाठांतर म्हणजे पोपटपंची. मी शहाणपणाने म्हटले, "आजी, अर्थ कळत नाही तर उपयोग काय?" त्या म्हणाल्या, "अर्थ मी वाचलाय, ठाऊक आहे मला. पण रोज माझं मन कुठं ठिकाणावर असतं? मन येईल तेव्हा येईल. ते येईल त्या दिवशी शब्द तोंडात तयार असायला नकोत का?"

नात सांगते की या दोन बाजूंवर त्यांच्या गुरुजनांनी पूर्वीपासून पुष्कळ चर्चा केली आहे. एक 'केवा', म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेली वेळ. दुसरी 'कव्वाना', म्हणजे मनाचा रोख. नुसत्या ठरलेपणाने प्रार्थना कोरडी होते हे सगळेच म्हणतात. पण नुसत्या मनावर सोडली तर ती होतच नाही. आजींच्या घरात ठरलेपणाची बाजू जड होती. मला पुष्कळ वर्षे वाटत होते की तेवढे त्यांचे चुकले. का बदलले ते सांगते, पण त्याआधी हन्नाचे सांगायचे आहे.

ज्यू लोकांत सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ झाले तरी काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. रेवदंड्याचे त्यांचे मंदिर 1842 चे आहे, अलिबागचे 1848 चे, पनवेलचे 1849 चे. मुंबईला सामुएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये पहिले बांधले, त्याला जुनी मशीद म्हणतात. एके काळी ही मंदिरे माणसांनी भरलेली असत. 1948 मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढे घरेच्या घरे तिकडे गेली. माझ्या लहानपणी रेवदंड्यात दहा पुरुष जमवायला आजींचा मुलगा सायकलवरून निघे, कधी अलिबागला निरोप धाडी. एका शनिवारी नऊच जमले. आजी मागे बायकांच्या जागेत बसल्या होत्या. मी घरी आल्यावर म्हटले, "तुम्ही होतात की दहाव्या!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला मोजत नाहीत." मला ते तेव्हा आवडले नाही, आजही आवडत नाही. परदेशात काही ज्यू मंडळींत आता बायकांनाही मोजतात असे ऐकते. आजींच्या पंथात मोजत नाहीत. आपल्याकडेही कुठे कुठे काय काय चालत नाही ते आपण जाणतोच, तेव्हा दुसऱ्याच्या घराला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण गंमत पाहा. त्यांची जी मुख्य प्रार्थना, जी उभे राहून मनातल्या मनात म्हणतात, ती कशी म्हणायची हे त्यांचे शास्त्री कोणाकडून शिकले? एका बाईकडून. जुन्या करारात हन्नाची गोष्ट आहे. तिला मूल नव्हते, सवत टोमणे मारी. ती देवस्थानात जाऊन रडत प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिथल्या पुजाऱ्याला वाटले बाई दारू पिऊन आली आहे, आणि तो तिला रागे भरला. ती म्हणाली, मी प्यालेली नाही, दुःखाने भरलेली आहे, मन ओतते आहे. पुढे तिला मुलगा झाला, तो शमुवेल. आणि पंडितांनी नियम केला की मुख्य प्रार्थना हन्नासारखी करावी: ओठ हलावेत, मन आत असावे, आवाज दुसऱ्याला जाऊ नये. दहात जिला मोजत नाहीत तिच्यासारखी प्रार्थना त्या दहा जणांनी करायची! मी हे नातीला म्हटले तर ती फोनवर बराच वेळ हसत होती.

1994 मध्ये आजींचे कुटुंबही इस्रायलला गेले. माझे लग्न त्यानंतर काही वर्षांनी झाले आणि मी या गावात आले. इथे आल्यावर सासूबाईंनी देवघर माझ्याकडे सोपवले. दिवाबत्ती, स्तोत्र, हरिपाठ, सगळे वेळच्या वेळी होई, पण खरे सांगायचे तर तोंड चाले आणि हिशेब मनात चाले. मी म्हणे, मी आजींसारखी झाले, नुसते शब्द.

मग 2009 चा नोव्हेंबर आला. फयान वादळ. तुम्हा पुष्कळ जणींना ते आठवते. आमचे हे तेव्हा बोटीवर तांडेल होते, बाहेर गेलेले. अकरा तारखेला वारा सुटला, समुद्र काळा झाला, फोन लागेना. बंदरावर बायकांची गर्दी. कोणी म्हणे अमकी बोट दिसली, कोणी म्हणे उलटली. रात्री मी घरी आले. मुले झोपली. मी देवापुढे बसले आणि एक शब्द आठवेना. रोजचे स्तोत्र आठवेना, हरिपाठाची सुरुवात आठवेना. नवसही बोलता येईना. दातखीळ बसावी तसे झाले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. केव्हातरी मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. आजींसारखे करावे असे काही मनात नव्हते, हात आपोआप गेले. अंधारात बसून राहिले. आणि मग तोंडात आले ते शुभंकरोती. चार वर्षांची असताना आईने मांडीवर बसवून पाठ करून घेतलेले, ज्याचा अर्थ तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हता. तेवढेच आले. तेच मी रात्रभर म्हटले. गलबत फुटून सगळे बुडाल्यावर एकच प्रार्थना कशी उरते, आणि ती एक का पुरते, हे मला त्या रात्री कळले. आणि ठरलेल्या शब्दांचे महत्त्वही कळले. त्या रात्री माझे मन जागेवर नव्हते, शब्द होते.

हे तिसऱ्या दिवशी आले. बोट जयगडच्या खाडीत शिरली होती. माझ्या प्रार्थनेने ते परत आले असे मी म्हणणार नाही. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसे त्या वादळातून आली नाहीत. त्यांच्या बायकांनी काय माझ्यापेक्षा कमी प्रार्थना केली होती? असे बोलण्याचा मला अधिकार नाही आणि तुम्हीही कोणी माझ्यासमोर बोलू नका. प्रार्थनेने मला नवरा परत दिला की नाही ते देव जाणे. ती रात्र मी भिंतीवर डोके न आपटता काढली, एवढे मी जाणते.

ह्यांना मी पुढे विचारले, तुम्ही काय म्हणत होतात? ते म्हणाले, म्हणायला सवड कुणाला होती, सुकाणू धरलेले. नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने मिश्नेतले आणखी एक सांगितले. प्रार्थना करताना जेरुसलेमकडे तोंड करायचे असते, पण जो गलबतात किंवा तराफ्यावर आहे त्याने उभे राहायची, वळायची गरज नाही, नुसते मन तिकडे वळवावे. ज्याने कोणी हा नियम केला त्याने समुद्र पाहिला असावा! आपल्या कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. म्हणून आजी समुद्राकडे तोंड करून उभ्या राहत. नातीचे घर आता दिमोना गावात आहे, तिथून जेरुसलेम उत्तरेला. आजी तिकडे गेल्यावर पहिले काही महिने सवयीने पश्चिमेलाच वळत आणि पोरे त्यांना खांदे धरून फिरवीत. तिथे दहा पुरुष जमवायला सायकल काढावी लागत नाही, रस्त्यात हाक मारली तरी जमतात. तरी आजी म्हणत की रेवदंड्यात नऊ असताना दहाव्याची वाट बघत बसायचो तेव्हा मन जास्त लागायचे. त्या तिकडेच वारल्या. शेवटी शेमाच म्हणाल्या, असे नातीने सांगितले.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द, रागावू नका. आपली सभा प्रार्थनेने सुरू होते. ती चालू असताना कोणी चपला शोधते, कोणी मोबाईल बंद करते, कोणी शेजारणीला कानात सांगते की आज सुरमईचा भाव काय फुटला. मीही त्यातलीच. एक तास थांबा असे मी म्हणत नाही, तसे केले तर पुढच्या सभेला कोणी यायची नाही. पण पाच मिनिटे आधी येऊन नुसते बसून पाहू. अध्यक्षबाईंनी मान डोलावली आहे, ती मी होकार धरते.

गेल्या मे महिन्यात मी माहेरी गेले होते. वेसवीची फेरीबोट, मग दिघीची, असे करत रेवदंड्याला पोचायला दुपार झाली. आजींचे घर दुसऱ्यांनी घेतले आहे. ज्यू लोकांच्या दाराच्या उजव्या चौकटीला तिरपी बसवलेली एक डबी असते, तिला मेझुझा म्हणतात. तिच्यात शेमा लिहिलेला कातड्याचा तुकडा असतो. येताजाता बोटे लावून ओठांना लावायची. लहानपणी माझा हात तिथवर पोचत नसे. मी आजींच्या कडेवर बसून हात लावीत असे, आणि आई ओरडे की ते आपले नाही, उगाच हात लावू नकोस. डबी अर्थात त्यांनी जाताना काढून नेली. चौकटीवर खिळ्यांची दोन भोके तिरपी आहेत. मी उभी राहून त्यावर बोटे ठेवली. आतून त्या घरची बाई आली. म्हणाली, "कुणाकडे आलात?" मी सांगितले की लहानपणी शेजारी राहत होते. तिने मला आत बसवले, सरबत दिले. म्हणाली, "घराला दोनदा रंग काढला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला सांगितलं भोकं बुजव म्हणून. दोन्ही वेळा विसरला."

मी म्हटले, राहू देत.

मागून चहाच्या खुणा होत आहेत, तेव्हा मी रजा घेते.